चुंबकाखाली लटकणारी चकती आणि सुपरकंडक्टरमधले भोवरे

शेवंती
मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात एका गटाने सुपरकंडक्टरचा प्रयोग आणला होता. थर्मोकोलच्या वाडग्यात द्रव नायट्रोजन आणि त्यात एक काळी चकती, दहाच्या नाण्याहून जरा मोठी. चकतीखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून ती चुंबकाच्या जवळच गार केली, मग पुठ्ठा काढून घेतला. चकती अधांतरी तरंगली. इथपर्यंत मला अपेक्षित होतं. पण नंतर त्या मुलाने चुंबकांची पट्टीच उलटी धरली, तरी चकती पडली नाही! तेवढंच अंतर राखून चुंबकाच्या खाली लटकत राहिली. चिमट्याने ढकलली की किंचित हलायची आणि पुन्हा जागेवर यायची. तिरकी करून सोडली तर तिरकीच राहायची.

पुस्तकात माइस्नर परिणाम एवढाच दिला आहे: सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्राला आपल्यातून बाहेर ढकलतो. मग ढकलणारी वस्तू चुंबकाखाली लटकते कशी? वर्गातल्या एका मुलीने हेच विचारलं. तिला अर्धवट उत्तर द्यायचं नाहीये. शोधायला बसले तर जिथे तिथे ‘व्हॉर्टेक्स’, म्हणजे भोवरे, आणि त्यांची त्रिकोणी जाळी. आणि अतिशीत वायूंच्या प्रयोगांतही तसेच भोवरे, तशीच त्रिकोणी जाळी. धातूतला भोवरा आणि वायूतला भोवरा ही एकच गोष्ट आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

काजवा
वाचतेय. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

शीतकोठी
शेवंतीताई, प्रश्न अगदी नेमका आहे. मी बरीच वर्षं नीच तापमानाच्या प्रयोगशाळेत काम करतो, तेव्हा सुरुवात करून देतो.

सुपरकंडक्टर दोन प्रकारचे असतात. पारा, शिसं, कथील हे पहिल्या प्रकारचे. ते क्षेत्र पूर्ण बाहेर ठेवतात, आणि क्षेत्र ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की त्यांची अतिवाहकता, म्हणजे विनारोध वीज वाहण्याचा गुण, एकदम संपते. शिशाची मर्यादा जेमतेम ०.०८ टेस्ला आहे. माइस्नर आणि ओक्सनफेल्ड यांनी १९३३ साली बर्लिनमध्ये जे पाहिलं ते हे. पाठ्यपुस्तक तिथेच थांबतं.

तुम्ही पाहिलेली काळी चकती बहुधा इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांची सिरॅमिक, म्हणजे वायबीसीओ. ती ९३ केल्विनच्या खाली अतिवाहक होते, म्हणून ७७ केल्विनचा द्रव नायट्रोजन पुरतो. हा दुसरा प्रकार. थोड्या क्षेत्राला तीही बाहेर ठेवते. क्षेत्र वाढलं की ती तडजोड करते आणि क्षेत्राला बारीक नळ्यांच्या रूपात आत घेते. प्रत्येक नळीचा गाभा साधा, अतिवाहकता गमावलेला असतो, आणि त्याच्याभोवती विनारोध विद्युतप्रवाह गोल फिरत असतो. हाच भोवरा. प्रत्येक भोवऱ्यातून जाणारं चुंबकीय फ्लक्स (क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ) तंतोतंत सारखं असतं, २.०७ फेम्टोवेबर. कमी नाही, जास्त नाही.

आता आकडे बघा. चकतीजवळ चुंबकाचं क्षेत्र ०.१ टेस्ला धरलं तर एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ४ कोटी ८० लाख भोवरे बसतात. दोन शेजाऱ्यांमधलं अंतर साधारण १५५ नॅनोमीटर. वायबीसीओमध्ये गाभ्याची रुंदी काही नॅनोमीटरच असते, म्हणून एवढी गर्दी होऊनही मधली सगळी जागा अतिवाहकच राहते.

आणि लटकण्याचं कारण म्हणजे चकती शुद्ध नाही. तिच्यात कणांच्या सीमा आहेत, दुसऱ्या संयुगाचे कण अडकलेले आहेत, स्फटिकात दोष आहेत. भोवऱ्याच्या गाभ्यात अतिवाहकता मोडायला ऊर्जा लागते. गाभा आधीच बिघडलेल्या जागी बसला तर ती ऊर्जा वाचते, म्हणून भोवरे दोषांवर जाऊन रुततात. चकती चुंबकाजवळ गार केली तेव्हा त्या जागेचं क्षेत्र भोवऱ्यांच्या रूपात तिच्यात अडकलं. चकती हलवायची तर हे करोडो भोवरे जागचे उपटावे लागतील. तेवढं तिचं वजन नाही.

गवतीचहा
जबरदस्त प्रतिसाद. म्हणजे चकती निर्दोष बनवली असती तर पडली असती?

शीतकोठी
हो, उलटी केल्याबरोबर पडली असती. आणि निव्वळ माइस्नर परिणामावर तरंगणारी वस्तू जागेवर ठरत नाही, बाजूला घसरू पाहते. तुमची चकती तिरकी करून सोडली तरी तिरकीच राहिली, हीच रुतलेल्या भोवऱ्यांची खूण.

नाखवा
मला एक पटत नाहीये. खाडीच्या मुखाशी ओहोटीला भोवरे पडतात. कुठला मोठा, कुठला छोटा, जोर प्रत्येकाचा वेगळा. मग या भोवऱ्यांना ठराविकच जोर असायला कोण सांगतं? ‘क्वांटम आहे म्हणून’ हे उत्तर नको.

मोजपट्टी
@नाखवा, प्रयत्न करतो. सुपरकंडक्टरमधल्या सगळ्या इलेक्ट्रॉन-जोड्या मिळून एकच तरंग बनतात. त्या तरंगाला प्रत्येक जागी एक कला असते, म्हणजे चढ-उताराच्या फेरीत तो त्या जागी कुठवर आला आहे ते. देवळाच्या गोल चौथऱ्याच्या कडेने घड्याळं मांडली आहेत असं समजा. प्रत्येक घड्याळ आधीच्यापेक्षा जरासं पुढे. चालत चालत चौथऱ्याला वळसा घालून पहिल्या घड्याळापाशी आलात की त्यात तीच वेळ दिसली पाहिजे, कारण घड्याळ तेच आहे. म्हणजे एका वळशात काटा एकदा पूर्ण फिरेल, दोनदा फिरेल किंवा फिरणारच नाही. सव्वा वेळा फिरून चालणार नाही.

शेजारच्या घड्याळांमधला फरक जेवढा जास्त, तेवढा तिथला प्रवाहाचा वेग जास्त. म्हणून फिरण्याचा एकूण जोरही पूर्णांकातच येतो. आता वळसा लहान लहान करत मध्यापर्यंत या. तिथल्या घड्याळात किती वाजले असावेत? कुठलीच वेळ बसत नाही. तरंगाला त्या जागी शून्य होण्यावाचून मार्ग राहत नाही. शीतकोठी म्हणतात तो अतिवाहकता गमावलेला गाभा म्हणजे हा बिंदू.

खाडीच्या पाण्यात असा एकसंध तरंग नसतो, म्हणून तिथले भोवरे हवे तेवढे लहानमोठे होतात.

नाखवा
पटलं. ‘मध्यावर किती वाजले’ हा प्रश्न आता डोक्यातून जाणार नाही.

शेवंती
मोजपट्टी, हे उद्याच्या तासाला जसंच्या तसं सांगणार आहे. तुमची परवानगी गृहीत धरते :)

ग्रंथकीटक
या विषयाचा इतिहास फार हृदयद्रावक आहे, तो इथे यायलाच हवा.

खार्किवमध्ये लेव शुब्निकोव्ह यांनी १९३० च्या दशकात शिशाच्या मिश्रधातूंवर काटेकोर मोजमापं केली. क्षेत्र हळूहळू आत शिरतं आणि तरी अतिवाहकता टिकते, हे त्यांच्या गटाने दाखवलं होतं. १९३७ साली स्टालिनच्या दडपशाहीत त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. छत्तिशीतला माणूस.

पुढे मॉस्कोत अलेक्सेई अब्रिकोसोव्ह यांना गिन्झबर्ग आणि लांडाऊ यांच्या अतिवाहकतेच्या समीकरणांतून भोवऱ्यांची जाळी सापडली. वर्ष १९५३. लांडाऊंना ती पटली नाही आणि अब्रिकोसोव्हनी कागद बाजूला ठेवून दिले. १९५५ मध्ये फाइनमन यांनी फिरत्या द्रव हेलियममध्ये असेच भोवरे असावेत असं मांडलं, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं आणि १९५७ साली निबंध छापून आला. त्यांच्या हिशेबात जाळी चौकोनी आली होती. १९६४ मध्ये क्लाइनर, रॉथ आणि ऑटलर यांनी त्रिकोणी जाळीची ऊर्जा किंचित कमी असल्याचं दाखवलं. १९६७ साली एस्मान आणि ट्रॉयब्ल यांनी स्टुटगार्टमध्ये गार मिश्रधातूच्या पृष्ठभागावर लोखंडाचे अतिसूक्ष्म कण बसू दिले. कण भोवऱ्यांच्या टोकांवर गोळा झाले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्रिकोणी रांगा उमटल्या. अब्रिकोसोव्हना नोबेल मिळालं २००३ साली, गिन्झबर्ग आणि लेगेट यांच्याबरोबर. शुब्निकोव्हच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही, याची मला दर वेळी चुटपुट लागते.

काजवा
शुब्निकोव्हबद्दल पहिल्यांदाच वाचलं. सुन्न झाले.

क्षकिरण
मी एमआरआय यंत्रांची देखभाल करतो. मंडळी दोषांना नावं ठेवायच्या आधी हे ऐका.

कामरलिंग ओनेस यांनी १९११ मध्ये लायडनला पाऱ्याची अतिवाहकता शोधली आणि लगेच पुढचं स्वप्न पाहिलं: विनारोध तारेची गुंडाळी करून १० टेस्लाचा चुंबक बनवायचा. शिशाच्या तारेची गुंडाळी केलीही, पण क्षेत्र जरा वाढताच अतिवाहकता गेली. कारण वर शीतकोठींनी दिलंय. आज दवाखान्यातला चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचा असतो आणि तार नायोबियम-टायटेनियमची, म्हणजे दुसऱ्या प्रकारची. म्हणजेच भोवऱ्यांनी गच्च भरलेली.

गोम अशी की तारेतून वीज वाहिली की भोवऱ्यांवर आडवा जोर येतो. भोवरा सरकला की विद्युतदाब निर्माण होतो, रोध परत येतो, उष्णता तयार होते. नुसती दुसऱ्या प्रकारची तार असून भागत नाही, भोवरे खिळून राहिले पाहिजेत. म्हणून ही तार मुद्दाम तापवतात आणि ओढतात, पुन्हा तापवतात, पुन्हा ओढतात. त्यात टायटेनियमचे काही नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे तयार होतात आणि भोवरे तिथे अडकतात. ‘खराब’ तार बनवण्यात लोकांची आयुष्यं गेली आहेत, आणि आपण नळीत झोपून गुडघ्याचा फोटो काढून येतो.

जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कणत्वरकात असेच १२३२ द्विध्रुवी चुंबक आहेत, १.९ केल्विनला, ८.३३ टेस्ला.

गवतीचहा
+१. गुडघ्याचा एमआरआय गेल्याच महिन्यात झाला. तो ठकठक आवाज भोवऱ्यांचा का?

क्षकिरण
नाही, तो ग्रेडियंट कॉइलचा. त्या साध्या तांब्याच्या असतात. वीज भराभर चालू-बंद होते आणि मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात त्या थरथरतात. भोवरे गप्प बसलेले असतात, बसलेच पाहिजेत.

रुबी
कोलोरॅडोहून नमस्कार. अतिशीत अणूंवर काम करते, त्यामुळे दुसरा प्रश्न माझ्या अंगणातला.

सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनना निबंध पाठवला, त्यातून ज्या अवस्थेचं भाकीत निघालं ती वायूत प्रत्यक्ष दिसायला १९९५ उजाडलं. बोल्डरमध्ये कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे अणू १७० नॅनोकेल्विनपर्यंत, म्हणजे केल्विनच्या जेमतेम दोन कोट्यंशांपर्यंत थंड केले. त्याच वर्षी एमआयटीत केटर्ले यांनी सोडियममध्ये केलं. सगळे अणू एकाच तरंगात. मोजपट्टींच्या चौथऱ्यावरची घड्याळं इथेही आली.

आता हा ढग फिरवायचा कसा? भांडंच नाही, नुसत्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने निर्वातात लटकलेला असतो. लेझरचा झोत ढगाभोवती फिरवून तो घुसळतात. १९९९ मध्ये बोल्डरला पहिला भोवरा वेगळ्या युक्तीने केला होता, घुसळून केलेले २००० साली पॅरिसला दालिबार यांच्या गटाने दाखवले. २००१ मध्ये एमआयटीत हिरव्या लेझरने सोडियम घुसळून एका ढगात १३० पर्यंत भोवरे मिळाले.

बघायचं कसं, हेही सांगते. गाभा एक मायक्रोमीटरहूनही लहान, थेट दिसणं कठीण. म्हणून ढगाला धरून ठेवणारं क्षेत्र तोडायचं. ढग पडता पडता पसरतो आणि त्याच्याबरोबर गाभेही फुगतात. काही मिलिसेकंदांनी लेझरचा प्रकाश टाकून सावली टिपायची. पडद्यावर काळसर गोल आणि त्यात प्रकाशाची बारीक छिद्रं, ओळीने, त्रिकोणात. पण एक फोटो म्हणजे एक ढग संपला. पुढच्या फोटोसाठी सगळं पहिल्यापासून. माझ्या पडद्यावर पहिल्यांदा जाळी आली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते.

अभंग
सगळं छान चाललंय, पण ‘एकच गोष्ट’ म्हणायला माझा ठाम विरोध. रुबिडियमचा अणू उदासीन, त्याला विद्युतभार नाही. सुपरकंडक्टरमधला भोवरा चुंबकीय फ्लक्स वाहतो, वायूतला काहीच वाहत नाही. भोवती फिरणारा प्रवाह सुपरकंडक्टरमध्ये ठरावीक खोलीनंतर झपाट्याने विरतो. वायबीसीओत ती खोली १५० नॅनोमीटरच्या आसपास. वायूत किंवा हेलियममध्ये वेग अंतराच्या व्यस्त प्रमाणात, सावकाश कमी होतो. एकात चुंबक लागतो, दुसऱ्यात घुसळणं. गणित सारखं दिसलं म्हणून दोन वस्तू एक होत नाहीत. विद्यार्थ्यांना ‘तेच ते’ सांगू नये.

रुबी
@अभंग, प्रत्येक फरक बरोबर मांडलात, आणि तरीही मी उलट बाजूला आहे. फिरणाऱ्या ढगाबरोबर आपणही फिरत पाहिलं तर अणूंवर कोरिऑलिस बल दिसतं. ते वेगाला काटकोनात असतं, वेगाच्या प्रमाणात असतं. चुंबकीय क्षेत्रात भारित कणावरचं बलही हुबेहूब तसंच. म्हणजे घुसळणं हेच उदासीन अणूंचं चुंबकीय क्षेत्र.

दुसरं, २००५ साली एमआयटीत झ्विएरलाइन, केटर्ले आणि सहकाऱ्यांनी लिथियम-६ घेतलं. हे अणू फर्मिऑन, इलेक्ट्रॉनसारखेच एका जागी बसायला नकार देणारे. सुपरकंडक्टरमधल्या इलेक्ट्रॉनांसारख्या त्यांनाही जोड्या जमवाव्या लागतात. ढग फिरवला आणि भोवऱ्यांची जाळी उमटली. जोड्यांचा वायू अतितरल, म्हणजे विनाघर्षण वाहणारा, झाला याचा सगळ्यात थेट पुरावा म्हणून तेच चित्र मानलं गेलं. भोवरा हा नुसता सारखेपणा असता तर त्याला पुराव्याचं वजन आलं नसतं.

अभंग
लिथियमचा मुद्दा वजनदार आहे. तरी मी एवढंच म्हणेन: कला पूर्णांकात फिरते हे सामाईक, बाकी प्रत्येक पदार्थाचं आपापलं. वर्गात दोन्ही सांगावं.

शेवंती
दोन्ही सांगेन. तुम्हा दोघांच्या प्रतिसादांतून माझ्या टिपणाची एक अख्खी बाजू भरली.

वेधशाळा
थोडं अवांतर, पण राहवत नाही. न्यूट्रॉन तारा आतून अतितरल असतो आणि गरगर फिरतो. म्हणजे त्यातही भोवरे! वेला पल्सार हा असाच एक तारा ८९ मिलिसेकंदांत एक फेरी घेतो. त्या हिशेबाने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० हजार.

हा तारा हळूहळू मंदावतो, पण काही वर्षांनी अचानक दचकल्यासारखा जरा वेगाने फिरायला लागतो, दशलक्षात दोनेक भागांनी. १९६९ साली ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या दुर्बिणीने हे प्रथम टिपणाऱ्यांत व्ही. राधाकृष्णन होते, सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव. १९७५ मध्ये अँडरसन आणि इतोह यांनी सुचवलं की ताऱ्याच्या कवचात भोवरे रुतून बसतात आणि मग एकदम लाखोंनी सुटतात. आतल्या द्रवाचं साठलेलं फिरणं कवचाला मिळतं. नुसत्या कवचातला द्रव एवढ्या झटक्याला पुरतो का, यावर अजून वाद आहे. असे झटके आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही नोंदवले जातात.

नाखवा
नाण्याएवढ्या चकतीवरून थेट ताऱ्यावर! आता कुणीतरी धागा परत वाडग्यात आणा.

दवबिंदू
आणते, पण तक्रार घेऊन. मी क्वांटम संगणकाच्या चकत्यांवर (चिपवर) काम करते, तिथे हेच भोवरे आमचे शत्रू. पृथ्वीच्या क्षेत्रात चकती गार केली तरी दर चौरस मिलिमीटरला १९ हजारांच्या आसपास भोवरे अडकू शकतात. एखादा नको तिथे बसून हलत राहिला की ऊर्जा गळते. म्हणून आम्ही क्षेत्र अडवणाऱ्या धातूच्या डब्यात सगळं गार करतो आणि पातळ थरात बारीक भोकं पाडून ठेवतो, भोवऱ्यांनी बसायचंच तर तिथे बसावं. एमआरआयवाल्यांना भोवरा हलू नये म्हणून दोष हवेत, आम्हाला तो मुळात यायलाच नको.

आणि मुंबईकरांनो, कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत भोवऱ्यांची जाळी स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने एकेक भोवरा मोजत पाहतात. मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ थरात ही जाळी वितळताना मधे ‘हेक्झॅटिक’ द्रव होते, असं त्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. रांगा मोडलेल्या, पण दिशा अजून शाबूत.

शीतकोठी
शेवंतीताई, मुलांना स्वतः ताडून पाहायचं असेल तर एक सोपी चाचणी आहे. चकती आधी चुंबकापासून लांब नेऊन गार करा, मग जवळ आणा. नायट्रोजन हाताळताना चष्मा आणि सैल हातमोजे घाला, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा.

शेवंती
केली! त्या गटाला पुन्हा बोलावलं होतं. लांब गार केलेली चकती चुंबकावर अलगद सोडली तर डगमगत कडेला घसरली, उलटी धरल्यावर पडली. हाताने चुंबकावर दाबून मग सोडली तेव्हा मात्र थोडी चिकटून राहिली. मुलांनीच सांगितलं, ‘दाबल्यावर भोवरे आत घुसले.’ आता त्यांचा पुढचा प्रश्न: नायट्रोजन घालत राहिलो तर चकती कायम लटकेल?

शीतकोठी
दाबल्यावर घुसले, अगदी बरोबर. कायम लटकण्याबद्दल: ७७ केल्विनला एवढी उष्णता असते की रुतलेले भोवरे अधूनमधून एका दोषावरून दुसऱ्यावर उडी मारतात. अँडरसन आणि किम यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे सरपटणं समजावलं. पकड हळूहळू सैल होते, पण वेळेच्या लॉगरिदमने. पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत जितकी सैल होईल, तितकीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. म्हणजे मुलांचा नायट्रोजन आधी संपेल. चांगली मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा लावून चकती आणि चुंबक यांच्यातलं अंतर टिपत गेलात, तर पहिल्या काही मिनिटांत काही फरक दिसतो का ते बघा. आलेख काढताना वेळ लॉग अक्षावर घ्या.